हौद, टाकी आणि सोळा ओळी: घरच्या पंपाचं बुलियन फलन कसं लिहावं

रामबागेतल्या आमच्या घरी नर्मदा एक दिवसाआड येते. इंदूरबाहेरच्यांना हे वाक्य भलतंच वाटेल, पण इथं नळाच्या पाण्यालाच नर्मदा म्हणतात. जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढून आलेलं पाणी आधी अंगणातल्या हौदात पडतं आणि तिथून पंपानं गच्चीवरच्या टाकीत जातं. दोन वर्षांपूर्वी एका रात्री हौद कोरडा पडला तरी पंप फिरत राहिला आणि सकाळपर्यंत मोटारीचं वाइंडिंग जळून काळं झालं. बाजारातून आणलेला तयार कंट्रोलर फक्त वरच्या टाकीकडे बघायचा. हौद नावाची वस्तू त्याच्या हिशेबातच नव्हती.

मी तेहेतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होते. नोकरीला लागले तेव्हा रिलेंचा, म्हणजे विजेनं उघडझाप होणाऱ्या स्विचांचा, असा खडखडाट असायचा की घरी आल्यावरही तासभर कानात वाजत राही. त्यामुळे रिवाइंडिंगचे पैसे देतानाच ठरवलं, कंट्रोलर आपणच करायचा. माझी भाची तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, वरच्या खोलीत राहायची. तिला म्हटलं, चल, तुझा डिजिटलचा पेपर आणि माझा पंप एकदमच करू.

सर्किटपासून सुरुवात करू नका. पहिल्यांदा एक वही घ्या आणि असे प्रश्न लिहा, ज्यांचं उत्तर फक्त हो किंवा नाही येतं. बुलियन फलन म्हणजे एवढंच: काही हो-नाही आत, एक हो-नाही बाहेर. हो म्हणजे १, नाही म्हणजे ०. जॉर्ज बूलनं १८५४ साली विचारांचंच असं बीजगणित मांडलं तेव्हा त्याच्यापुढे ना मोटार होती ना वीज.

आमचे प्रश्न चार निघाले. ह: हौदात पाणी आहे का? ख: टाकीतली खालची सळई भिजली आहे का? व: टाकीतली वरची सळई भिजली आहे का? चौथ्याला भाची अडली. ती म्हणाली, “मावशी, तीनच पुरेत की. खालची कोरडी झाली की चालू, वरची भिजली की बंद.”

मी विचारलं, पाणी दोन सळयांच्या मध्ये असेल तेव्हा काय करायचं?

ती गप्प झाली. मध्ये असताना उत्तर सळयांवर ठरत नाही. पाणी चढत असेल तर पंप चालू हवा, उतरत असेल तर बंद हवा. सळया दोन्ही वेळी तेच सांगतात. म्हणून चौथा प्रश्न, म: मोटार आत्ता चालू आहे का? मागचं काही लक्षात ठेवायचं असेल तर ते असं इनपुट म्हणून आत आणावं लागतं. बाहेर येणारं उत्तर प: पुढच्या क्षणी पंप चालू हवा का?

आता ट्रुथ टेबल, म्हणजे प्रत्येक शक्यतेपुढे तिचं उत्तर लिहिलेला तक्ता. चार प्रश्नांच्या उत्तरांच्या जोड्या सोळा, म्हणून सोळा ओळी. कंटाळा आला तरी सोळाही लिहा. ह शून्य असेल त्या आठही ओळींत काय व्हायला हवं हे सांगायला नको, पंप बंद. ह एक असेल तिथं अशी वही दिसते:

ख व म → प
० ० ० → १
० ० १ → १
० १ ० → ×
० १ १ → ×
१ ० ० → ०
१ ० १ → १
१ १ ० → ०
१ १ १ → ०

फुली म्हणजे ही ओळ होऊच शकत नाही. खालची सळई कोरडी आणि वरची भिजलेली, असं पाणी कधी पाहिलंय का? पुस्तकात याला डोन्ट केअर म्हणतात. हौद कोरडा असतानाही अशा दोन ओळी आहेत, तिथंही पुस्तकाप्रमाणे फुलीच पडते. एकूण चार फुल्या. प्रत्येक फुलीच्या जागी शून्य किंवा एक काहीही चालत असेल तर आमच्या वर्णनात बसणारी फलनं दोनाचा चौथा घात, म्हणजे सोळा. चार इनपुटांची एकूण फलनं ६५,५३६. त्यातून पंपाचं म्हणून सोळा उरली, आणि आम्हाला त्यातलं एक निवडायचं होतं. हे निवडणं म्हणजे नुसती सोय, असं तेव्हा वाटलं होतं.

सूत्र काढायला कार्नॉ मॅप, म्हणजे पोरांचा के-मॅप. मॉरिस कार्नॉ बेल लॅबचा, म्हणजे अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेतला माणूस, १९५३ साली त्यानं ही चौकट मांडली, आणि ती टेलिफोनच्याच सर्किटांसाठी. म्हणून मला तो जरा घरचा वाटतो. उभ्या बाजूला ह आणि ख, आडव्या बाजूला व आणि म:

ह ख ↓ व म → ०० ०१ ११ १०
०० → ० ० × ×
०१ → ० ० ० ०
११ → ० १ ० ०
१० → १ १ × ×

क्रम ००, ०१, ११, १० असा आहे, ०१ नंतर १० नाही. शेजारच्या घरात जाताना एकाच अक्षरानं बदलायचं, दोघांनी नाही, यासाठी ही तिरकी मोजणी. हा क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं, आणि परीक्षेत दर दुसरं पोर इथंच चुकतं. मग एक असलेली शेजारशेजारची घरं दोन, चार, आठ अशी एकत्र कुंपणात घ्यायची. कुंपणात जे अक्षर बदलतं ते गळतं, जे कायम राहतं ते सूत्रात येतं. कुंपण मोठं करायला मदत होत असेल तर फुलीला एक धरायचं.

भाचीनं पेन्सिलीनं शेवटची पूर्ण ओळ वेढली: दोन एक, दोन फुल्या. मग ०१ च्या उभ्या रांगेतले दोन एक वेढले. गुणाकार म्हणजे ‘आणि’, अधिक म्हणजे ‘किंवा’, अक्षरापुढची टिकली म्हणजे त्याचं उलट. उत्तर आलं:

प = ह·ख' + ह·व'·म

पाच अक्षरं. फुल्यांना शून्य धरलं असतं तर ह·व'·ख' + ह·व'·म, म्हणजे सहा. “एक लिटरल वाचलं,” ती म्हणाली, आणि पेपरात याला पूर्ण मार्क मिळतात हे मलाही माहीत होतं. आम्ही पाचवालं घेतलं. जेल रोडवरून गेटांच्या, म्हणजे ‘आणि’, ‘किंवा’, ‘उलट’ अशी कामं करणाऱ्या छोट्या सर्किटांच्या, चिप आणल्या, सियागंजातून स्टीलच्या सळया, आणि आमच्या नेहमीच्या वायरमननं मोटारीचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटार चालू-बंद करणारा दणकट स्विच, जोडून दिला. २३० व्होल्टला मी स्वतः हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

चार महिने सुरळीत चाललं. मग एका पहाटे शेजारच्या काकूंनी फाटक वाजवलं. आमची टाकी रात्रभर वाहत होती आणि त्यांच्या अंगणात तळं झालं होतं. नर्मदा आदल्या संध्याकाळी भरपूर आली होती, हौद काठोकाठ, आणि तो सगळा हौद गच्चीवरून गल्लीत. ज्या गल्लीत लोक एक दिवसाआड बादल्या मोजतात, तिथं मान वर करायची सोय राहिली नाही. त्या आठवड्यात आमच्या घरी कुणी पोहे खायलासुद्धा आलं नाही.

गच्चीवर चढून पाहिलं. आमच्याकडे नर्मदेत बोअरिंगचं पाणी मिसळतं, ते जड. कायम पाण्यात बुडून राहणाऱ्या खालच्या सळईवर पांढरा थर बसला होता, अंड्याच्या कवचासारखा. थरातून करंट जाईना. सळई पाण्यात बुडालेली आणि सर्किटला वाटतंय कोरडी आहे. ख शून्य, व एक. होऊच शकत नाही म्हणून फुली मारलेली ओळ खरी झाली होती, आणि त्या ओळीत आम्ही एक अक्षर वाचवण्यासाठी एक भरला होता. पंपाला आम्हीच सांगितलं होतं, चालू राहा.

चूक माझी. भाचीला पेपर पास करायचा होता, मी तेहेतीस वर्षं तुटलेल्या तारा शोधत पोट भरलं होतं. पाणी असं वागू शकत नाही हे खरं, पण तार वागते. म्हणून फुली मारण्याआधी स्वतःला विचारा: ही ओळ निसर्गात अशक्य आहे, की फक्त सगळं धड असेल तेव्हा अशक्य आहे?

दुरुस्ती सोपी. फुल्यांना शून्य धरलेलं सूत्र घ्यायचं आणि समान भाग बाहेर काढायचा:

प = ह·व'·(ख' + म)

गंमत बघा, असं कंसात लिहिल्यावर यात चारच अक्षरं आहेत. आधीचं सूत्र कंसात लिहिलं तर ह·(ख' + व'·म), तेही चारच. म्हणजे ज्या बचतीसाठी टाकी वाहिली ती बचत नव्हतीच. लहान सूत्र कोणतं, हे तुम्ही कोणत्या रूपात मोजता त्यावर ठरतं. टेबल मात्र रूप बदलत नाही. म्हणून मी सूत्राला फलन म्हणत नाही, टेबलाला म्हणते.

वायरमनला दोन्ही सूत्रं कागदावर सिरीज-पॅरललमध्ये काढून दाखवली. त्यानं पहिल्या चित्रावर बोट ठेवलं, “आंटी, ये तो गलत है। लाल बटन हमेशा सिरीज में।” मोटारीच्या स्टार्टरमध्ये हिरवं बटण दाबलं की मोटार चालू होते, बोट काढलं तरी होल्डिंग कॉन्टॅक्ट तिला धरून ठेवतो, लाल दाबलं की सगळं तुटतं. आमच्या सूत्रात ख' हिरवं बटण, म होल्डिंग, व लाल बटण. पहिल्या सूत्रात लाल बटण फक्त होल्डिंगच्या फांदीवर होतं, हिरवं अडकलं की लाल दाबून उपयोग नाही. दुसऱ्यात लाल बटण सगळ्यांच्या वाटेत उभं आहे.

सिरीज म्हणजे ‘आणि’, पॅरलल म्हणजे ‘किंवा’. हे आज कुणालाही सुचेल असं वाटतं, पण बूलचं बीजगणित आणि रिलेंचं जाळं ही एकच गोष्ट आहे हे १९३७ साली एकवीस वर्षांच्या क्लॉड शॅनननं आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात मांडलं. आमच्या एक्स्चेंजच्या रिले-रॅकपुढे उभं राहून मला हे कुणी नोकरीच्या पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सांगितलं नाही.

बांधणीचं थोडक्यात. हेन्री शेफरनं १९१३ साली दाखवलं की नुसत्या नँडनं कोणतंही बुलियन फलन बांधता येतं, म्हणून एकाच जातीच्या चिप आणा, ७४००. एकीत चार नँड असतात. नँड म्हणजे ‘आणि’चं उलट, आणि त्याची दोन्ही इनपुटं एकत्र जोडली की तो नुसतं उलटवतो. ख' + म म्हणजे ख आणि उलट्या म चा नँड: दोन गेट. व उलटवायला एक. ह आणि व' यांच्या नँडला एक, तो पुन्हा उलटवायला एक, मग कंसाशी नँड, आणि शेवटी पुन्हा उलट. सात झाले, दोन चिप. चिपला १४ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट, ७ नंबर जमिनीला. सळईचा सिग्नल थेट गेटला देऊ नका, मध्ये ट्रान्झिस्टर घाला. सळयांत सतत एकाच दिशेचा करंट सोडला तर त्या कुजतात, म्हणून मी तिथं एसी वापरते. आणि दर दोन महिन्यांनी लिंबू किंवा व्हिनेगर लावून सळई घासते.

आता या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते काम, जे आम्ही पहिल्या खेपेला केलंच नाही. फलन लिहून झालं की त्याला वाईट प्रश्न विचारायचे. ‘पंप चालू आणि हौद कोरडा’ असं कधी होईल का? प ला ह' नं गुणा. ह·ह' शून्य असतं, म्हणून सगळंच शून्य. होणार नाही. ‘पंप चालू आणि वरची सळई भिजलेली’? पहिल्या सूत्राला व नं गुणा: दुसऱ्या पदात व'·व येतं, ते मेलं. पहिलं पद उरतं, ह·ख'·व. शून्य नाही! म्हणजे अशी ओळ आहे, आणि ती कोणती तेही समोर लिहिलं आहे. टाकी वाहण्याआधी चार महिने हे एका ओळीत कागदावर सापडलं असतं. दुसऱ्या सूत्राला व नं गुणलं तर पूर्ण शून्य. दोन्ही सूत्रं सोळापैकी फक्त दोन ओळींत वेगळी आहेत, आणि तेवढ्यात आमची लाज गेली.

दुसरं सूत्रही सर्वज्ञ नाही. दोन सळयांना मिळून एक तिसरी, कॉमन सळई असते. तिची तार तुटली तर दोन्ही कोरड्या दिसतात, आणि ती ओळ तर टेबलात अगदी कायदेशीर आहे: टाकी रिकामी, पंप चालवा. इथं सूत्र बदलून भागत नाही, नवीन प्रश्न विचारावा लागतो. आमची टाकी अर्ध्या तासात भरते, म्हणून मी पाचवं इनपुट घातलं, घ: पंप सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली का? सूत्रात फक्त घ' गुणाकारात वाढला. टेबल मात्र दुप्पट झालं, बत्तीस ओळी.

हीच इथली खरी अडचण. दर इनपुटाला ओळी दुप्पट होतात. भाडेकरूंच्या दोन टाक्या धरल्या तर इनपुटं नऊ, ओळी ५१२. वीस इनपुटांना दहा लाखांवर, तीस इनपुटांना १०७ कोटींवर. वही संपते. मग ‘अशी एखादी ओळ आहे का, जिथं उत्तर एक येतं’ हा माझा वाईट प्रश्न टेबल न लिहिता सोडवायचा कसा? सूत्र गुणाकारांच्या बेरजेत असेल तर सोपं: एक पद असं शोधा ज्यात एखादं अक्षर आणि त्याचंच उलट एकत्र नाही. पण अटी बहुधा उलट्या रूपात येतात: या तिघांतलं एक तरी खरं हवं, आणि त्या तिघांतलं एक तरी, आणि त्या तिघांतलं. त्याला बेरजेत आणायला जावं तर पदं भरमसाट वाढतात. कंसात दोन-दोनच अक्षरं असतील तर झटपट सोडवायची रीत आहे. तीन झाली की हा प्रश्न एनपी-कम्प्लीट, म्हणजे एनपी नावाच्या अख्ख्या गोतावळ्यातला (उत्तर हाती दिलं तर ते झटपट तपासता येतं, अशा प्रश्नांचा हा गोतावळा) कोणताही प्रश्न याच्यात रूपांतरित होतो. हे स्टीफन कुकनं १९७१ साली दाखवलं, लिओनिद लेविननं सोव्हिएत संघात स्वतंत्रपणे, त्याचा लेख १९७३ चा. नेहमीच झटपट चालणारी रीत कुणाला सापडली, किंवा ती असूच शकत नाही हे कुणी सिद्ध केलं, तर क्ले इन्स्टिट्यूटचे दहा लाख डॉलर २००० सालापासून वाट बघत आहेत. गंमत म्हणजे रोजच्या कामात सॅट-सॉल्व्हर, म्हणजे असेच प्रश्न सोडवणारे प्रोग्राम, लाखो अक्षरांची सूत्रंही पुष्कळदा सोडवतात. अडतात तेव्हा मात्र असे अडतात की बघवत नाही.

त्याहून मला चक्रावतं ते दुसरंच. शॅनननंच १९४९ साली मोजून दाखवलं की बहुतेक सगळ्या बुलियन फलनांना प्रचंड मोठं सर्किट लागतं, लहानात होतच नाही. आणि तरी नाव घेऊन सांगता येईल अशा एखाद्या फलनासाठी, दोन इनपुटांची वाटेल ती गेटं वापरू दिली तर, आजवर सिद्ध झालेली किमान गेटं इनपुटांच्या तिपटीहून जेमतेम जास्त आहेत. गल्लीत सगळे उधार ठेवणारे आहेत हे ठाऊक, पण एकाचीही उधारी वहीत दाखवता येत नाही.

पंपाचं सूत्र आकसतं. सगळीच आकसत नाहीत, हे बघायला आमच्या जिन्यात या. तीन मजले, तीन बटणं, एक दिवा. कोणतंही एक बटण दाबलं की दिवा उलटला पाहिजे. याचा के-मॅप काढा: एक आणि शून्य बुद्धिबळाच्या पटासारखे तिरपे बसतात, एकाही एकाला शेजारी एक नाही, म्हणून एकही कुंपण पडत नाही. तीन बटणांना तीन-तीन अक्षरांची चार पदं, दहा बटणांना दहा-दहा अक्षरांची ५१२ पदं. सम-विषम ओळखणारं हे फलन, पॅरिटी. ‘आणि’ व ‘किंवा’ यांचे ठरावीक थर दिले आणि थर वाढवायची मनाई केली तर पॅरिटीला अफाट गेटं लागतात, हे ऐंशीच्या दशकात फर्स्ट, सॅक्स आणि सिप्सर या तिघांनी आणि वेगळ्या वाटेनं आयताईनं सिद्ध केलं. किती अफाट, याचा जवळपास नेमका आकडा १९८६ साली योहान होस्टाडनं दिला. थर वाढवायची मुभा असेल तर मात्र काम किरकोळ: दर जोडीला एक एक्सॉर (दोन इनपुटं वेगळी असली तरच एक देणारं गेट), दहा बटणांना नऊ गेटं.

जिन्यात तर गेटंही लागत नाहीत. खालच्या आणि वरच्या मजल्यावर टू-वे स्विच, मधल्या मजल्यावर चार टोकांचा इंटरमीडिएट, जो येणाऱ्या दोन तारा सरळ सोडतो किंवा फुलीसारख्या अदलाबदल करतो. मजला वाढला की मध्ये आणखी एक इंटरमीडिएट. दुकानात मागताना ‘इंटरमीडिएट’ असंच म्हणा, नाहीतर टू-वेच हातात ठेवतात, आणि मग मधल्या मजल्यावरून दिवा कधी लागतो, कधी नाही.

हो, आणि ७४०० च्या दोन चिपमधलं उरलेलं आठवं गेट. त्याची दोन्ही इनपुटं मोकळी सोडू नका, एका किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्टला बांधा. पाचवा प्रश्न घातलात तर तेही पुरत नाही, तिसरी चिप आणावी लागते. जेल रोडला जाल तेव्हा आधीच तीन घ्या.